गेटवर सांगितलेला रक्तगट

उज्वलाला ‘माहीत नाही’ म्हणता येत नसे. गिरणारे गावच्या शाळेत बाईंनी प्रश्न विचारला की हिचा हात सगळ्यांच्या आधी वर, मग उत्तर येत असो वा नसो. बघायला आलेल्या पाहुण्यांनी पुरणपोळी जमते का विचारलं, तेव्हा तिने जन्मात एक पोळी लाटलेली नव्हती. तरी ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे मीच करते,’’ आणि आतल्या खोलीत तिच्या आईने कपाळाला हात लावला. त्याच उत्तरावर लग्न जमलं, संतोषसारखा सरळ नवरा मिळाला, आणि पोळी काय, नंतर शिकताही आली. चटकन उत्तर दिलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, ही अक्कल तिला लहानपणीच आली होती. ती बहुतेक वेळा तिच्या कामाला आली. एकदा मात्र नाही आली.

ती वेळ होती सातपूरच्या एका कंपनीच्या गेटवरची. कंपनी गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवायची आणि त्या कामाला ठेकेदारामार्फत बायका घ्यायची. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. संतोष दुसऱ्या कारखान्यात लेथवर होता, श्रमिकनगरात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं आणि दोघांनी मिळून कमवायचं असं ठरलं होतं. गेटवर टेबल टाकून ठेकेदाराचा माणूस बसलेला. नाव, वय, फोन, रक्तगट, पुढची. रांगेत पुढच्या एका बाईने रक्तगट माहीत नाही म्हटलं, तर तो मान वर न करता म्हणाला, ‘‘मग बाजूला व्हा. तपासून उद्या या.’’ उद्या जागा कुठली राहणार! उज्वलाच्या पुढे त्यांच्याच गल्लीतली छाया होती. छाया ‘‘ओ पॉझिटिव्ह’’ म्हणाली. उज्वलाही म्हणाली, ‘‘ओ पॉझिटिव्ह.’’

आठवड्याने कार्ड हातात आलं. फोटोखाली लाल अक्षरात रक्तगट छापलेला. कंपनीच्या कार्डावर छापून आलं की थापसुद्धा सरकारी वाटायला लागते. रोज गळ्यात घालून घालून तिला तो आपला रक्तगट वाटू लागला, आणि आपण तो दुसरीच्या तोंडून उचलला होता हे ती साफ विसरून गेली. गणपती मंडळाच्या शिबिरात संतोषने रक्त दिलं आणि त्याचा ओ पॉझिटिव्ह निघाला, तेव्हा ही हसून म्हणाली, ‘‘बघा, आपलं रक्तसुद्धा जुळलं. पत्रिका उगाच बघितली.’’

पहिल्यांदा दिवस गेले ते कामावर लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ठेक्यावरच्या बाईचं पोट दिसायला लागलं की तिला ‘ब्रेक’ देत. ब्रेक म्हणायचं फक्त, परत कुणी बोलवत नसे. लाईनवर उज्वलाचा हात चांगला बसला होता, सुपरवायझर तिला लाईन लीडर करायच्या गोष्टी बोलत होता. नवराबायकोत आठपंधरा दिवस घोळ चालला. ठेवू या, नको, ठेवू या. या घोळात चौथा महिना लागला आणि मग नको असं ठरलं. त्यात कुणाची जबरदस्ती नव्हती. कायद्याने चालत होतं, दोघंही शहाणे होते आणि मूल पुढे होणारच होतं.

सासू लंकाबाई हरसूलकडे गावी राहायच्या. थोडा भात, थोडी नागली, दोन शेळ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, संतोष एकुलता एक. त्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘पहिलंवहिलं असं काढू नये, पोरी. फुडं कूस धरत नाय.’’ उज्वलाकडे उत्तर तयारच होतं. ‘‘आई, आता तसं काही नसतं.’’

आणि खरंच, तसं काही नसतंच. वेळेवर, जाणत्या हाताने, स्वच्छ जागी केलं तर पुढचं बाळंतपण त्याने बिघडत नाही. उज्वला बरोबर बोलत होती, म्हणूनच पुढचं सगळं जास्त जिव्हारी लागतं.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘ब्लड ग्रुप?’’ उज्वलाने गळ्यातलं कार्ड पुढे केलं. डॉक्टरांनी बघून केसपेपरवर उतरवलं. कार्ड काय, माणूस कपाळावर गोंदवून आला असता तरी त्यांनी बोटाला सुई टोचून बघायला हवं होतं, पण बाहेर बाकावर बायका ताटकळत होत्या आणि कार्ड तर छापील होतं. गोळ्या दिल्या, मग क्युरेटिंग झालं. सगळं नीट पार पडलं. सोमवारी उज्वला लाईनवर हजर होती आणि पुढे तिला कधी साधं दुखलंखुपलंही नाही.

तीन वर्षांनी त्यांनी मूल व्हायला हवं असं ठरवलं आणि दुसऱ्याच महिन्यात दिवस राहिले. उज्वलाने सगळ्यात आधी फोन केला तो हरसूलला. ‘‘आई, धरली बरं का कूस!’’ म्हणाली. टोमणाच होता तो, लंकाबाईंनी तो गिळला. या खेपेला नर्सिंग होम दुसरं होतं, जरा बरं. तिथल्या सिस्टरने तपासण्यांचा कागद लिहायला घेतला तेव्हा हिने परत कार्ड दाखवलं. ‘‘हा एक नका करू, माझा माहिती आहे.’’ एक तपासणी वाचली म्हणून दोघं घरी जाताना खूश होते.

मुलगा झाला. पूर्ण दिवसांचा, गुटगुटीत, डोकं काळंभोर केसांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई पहिल्या एसटीने आल्या. त्यांनी बाळ घेतलं, उजेडाला खिडकीशी नेलं, दुपटं जरा बाजूला केलं आणि त्याचं कपाळ अंगठ्याने दाबून बघितलं. बोट उचललं तिथे कातडी हळदीसारखी पिवळी होती. त्यांनी दुपटं परत गुंडाळलं, बाळ उज्वलाच्या कुशीत ठेवलं आणि त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. परत आत आल्याच नाहीत. उज्वलाला वाटलं, म्हातारीचा राग अजून गेला नाही.

कावीळ सगळ्याच बाळांना होते, असं सिस्टर म्हणाली. लाईटखाली ठेवलं. संध्याकाळपर्यंत तळपाय पिवळे झाले, बाळ दूध ओढेना, मान मागे टाकायला लागलं. मग मोठ्या हॉस्पिटलची धावपळ. तिथे केसपेपर बघितला, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ ओ पॉझिटिव्ह. म्हणजे रक्ताचा काही प्रश्न नाही, जंतुसंसर्ग असेल, असं धरून औषधं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. नाव ठेवायचं राहून गेलं.

घरी आल्यावर उज्वलाच्या छातीत दूध दाटून आलं आणि घ्यायला कुणी नव्हतं. लंकाबाईंनी सुती पातळ फाडून तिची छाती बांधली. बांधता बांधता, तिच्याकडे न बघता त्या बोलल्या, ‘‘पहिलं काढलं ना. ते रिकाम्या हातानं जात नाय.’’

उज्वलाला जन्मात पहिल्यांदा उत्तर सुचलं नाही. छातीवरची गाठ सोडून ती उठली असती, पण त्यांनी ती घट्ट मारली होती.

त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते विचारू नये. कामावर जायची, लाईनवर तिच्या हातून वायरी आपोआप लागत जायच्या, पण डोकं दुसरीकडे. जिथे क्युरेटिंग केलं त्या दवाखान्यावरून बस जायची, म्हणून ती दोन थांबे आधीच उतरून चालत यायची. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघायची. कुणी म्हणे पिशवी आतून चिकटते, कुणी म्हणे नळ्या बंद होतात, कुणी म्हणे त्या जिवाचा तळतळाट. प्रत्येक व्हिडिओत तिला स्वतःचं नाव ऐकू यायचं. संतोष समजूत घालायचा, ‘‘आपण दोघांनी ठरवलं होतं ना?’’ ती म्हणायची, ‘‘पोट माझं होतं.’’ तिला वाटायचं, मी एकाला नको म्हटलं म्हणून दुसऱ्याने मला नको म्हटलं. रात्रंदिवस मनात तेच. वेड लागायची वेळ आली होती, आणि खरं तर थोडंसं लागलंच होतं.

तशात परत दिवस राहिले. या वेळी तिने कुणाला फोन केला नाही. घाबरलेलं मांजर पिल्लू तोंडात धरून फिरतं तशी ती पोट धरून फिरायची. छायानेच तिला ओढत इंदिरानगरला डॉक्टर तेजस्विनी मॅडमकडे नेलं. मॅडम वयाने तरुण, बोलायला जरा तुटक, पण ऐकून घ्यायच्या. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. उज्वला कार्ड काढायला लागली तशी म्हणाल्या, ‘‘ते राहू दे. मी माझं तपासते.’’

दोन दिवसांनी नवराबायकोला समोर बसवून त्यांनी सांगितलं, ‘‘तुमचा गट ओ निगेटिव्ह आहे.’’

‘‘नाही मॅडम, पॉझिटिव्ह,’’ उज्वला चटकन म्हणाली.

‘‘दोनदा तपासला. आधी तुम्हाला पॉझिटिव्ह कुणी सांगितलं?’’

उज्वलाने तोंड उघडलं आणि तिला ते गेट आठवलं. टेबल, मान वर न करणारा माणूस, पुढे उभी असलेली छाया. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आठवलं.

मॅडमनी समजावून सांगितलं, एकदा नाही, तीनदा. आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात किंवा गर्भपातात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं रक्त ते परकं म्हणून ओळखून ठेवतं. त्या पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पण पुढचं बाळ पोटात आलं की आईचंच रक्त त्याचं रक्त फोडायला लागतं. आणि हे होऊ नये म्हणून एक इंजेक्शन असतं, तीन दिवसांच्या आत द्यायचं.

‘‘म्हणजे मी ते काढलं म्हणूनच ना?’’ उज्वलाने विचारलं. हा प्रश्न ती दोन वर्षं दातांखाली धरून बसली होती.

‘‘नाही. तुमची पिशवी चांगली आहे, दिवसही लगेच राहतात. ते पहिलं मूल तुम्ही ठेवलं असतं आणि इंजेक्शन घेतलं नसतं, तरी पुढे हेच झालं असतं. काढल्यामुळं नाही झालं. इंजेक्शन राहिल्यामुळं झालं. ते का राहिलं, तर कुणी गट तपासला नाही म्हणून.’’

एखादीला हे ऐकून बरं वाटलं असतं. डोक्यावरचं पाप उतरलं. पण उज्वलाला उलट जास्तच जड झालं. शाप असता तर सोसता आला असता, शाप काय कुणालाही लागतो. हे तर तिच्या दोन शब्दांनी झालं होतं. बाजूला होऊन दुसऱ्या दिवशी तपासून आली असती, तर तिचा मुलगा आज घरभर पळत असता.

दुसऱ्या दिवशी ती छायाच्या घरी गेली. दारातच विचारलं, ‘‘छाया, तू गेटवर ओ पॉझिटिव्ह सांगितलंस, ते तपासलं होतंस?’’

छाया भाकरी थापत होती. ‘‘छे गं. माझ्या पुढचीनं सांगितलं तेच मी सांगितलं. का?’’

उज्वला उंबऱ्यातच खाली बसली. त्या रांगेतल्या किती जणींच्या गळ्यात तो एकच गट लटकत होता, कोण जाणे. सगळं ऐकून छायाने भाकरी तव्यावर करपू दिली आणि दुसऱ्या दिवशी लाईनवरच्या सगळ्या बायकांना घेऊन ती रक्त तपासायला गेली. पण उज्वलाचं तिकडे लक्ष नव्हतं. पोटातलं एक वाचवायचं, एवढंच तिला दिसत होतं.

मॅडमनी एक आशा दाखवली होती. संतोष पॉझिटिव्ह, पण त्याच्या आईवडिलांत कुणी निगेटिव्ह असेल तर बाळ निगेटिव्ह असायची निम्मी शक्यता. बाळ निगेटिव्ह निघालं की सगळं संकटच मिटलं, आईचं रक्त त्याला हात लावणार नाही. संतोष तडक हरसूलला गेला आणि आईला गाडीवर मागे बसवून घेऊन आला. लंकाबाईंना काहीच कळेना. रक्त काढताना त्या म्हणाल्या, ‘‘माझं म्हातारीचं रगात कशाला पायजे?’’

त्यांचा गट ओ निगेटिव्ह निघाला. संतोष लहान पोरासारखा टाळी वाजवून उठला. उज्वलाने सासूचा हात धरला, दोन वर्षांत पहिल्यांदा. तेजस्विनी मॅडम मात्र लंकाबाईंकडेच बघत होत्या.

‘‘आजी, संतोषनंतर तुम्हाला मुलं झाली होती?’’

लंकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. संतोष म्हणाला, ‘‘नाही, मी एकटाच.’’

‘‘झाली व्हती,’’ लंकाबाई म्हणाल्या. ‘‘तीन.’’

संतोष आईकडे बघत राहिला.

‘‘पिवळी पडून गेली. दोघं तर पाचवी झाल्यावं लगेच. तिसरं पोटातच गेलं.’’ त्या फरशीकडे बघत बोलत होत्या. ‘‘हा संतोष माझ्या आईकडं झाला. तिथं पाचवीला सटवाईफुडं कागद-पेन ठेवला व्हता. देवी येती ना, बाळाचं नशीब लिवाया. ह्या पोरांच्या येळी आमच्या घरात पेन नव्हता. मी कोळसा ठेवला. सासू म्हनली, कोळशानं काळंच लिवलं जानार.’’

‘‘आजी, तुमचंही हेच होतं,’’ मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘कोळशाचं काही नव्हतं. तुमचं रक्त निगेटिव्ह, मालकांचं पॉझिटिव्ह असणार.’’

लंकाबाईंना ते लगेच समजलं नाही. किंवा समजलं, पण तीस वर्षांचा कोळसा असा एका वाक्यात हातातून टाकता येत नाही. बाहेर आल्यावर उज्वलाने विचारलं, ‘‘आई, माझ्या बाळाला बघून तुम्ही बाहेर गेलात. तुम्ही ओळखलं होतं?’’

‘‘ओळखलं व्हतं.’’

‘‘मग मला तसं का बोललात? पहिलं काढलं म्हणून?’’

लंकाबाईंचा चेहरा वाकडा झाला. ‘‘मला वाटलं माझं काळं तुझ्या पोराला लागलं. त्यापरीस तुझं कायतरी कारन असंल तर बरं, असं वाटलं गं. तुझ्यावं ढकललं मी.’’

उज्वलाला त्या क्षणी सासूचा गळा धरावासा वाटला आणि तिच्याच गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. दोघी रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या.

त्यानंतर काही आठवडे त्या घराने निम्म्या आशेवर दिवस काढले. दर खेपेला सोनोग्राफीत मॅडम बाळाच्या डोक्याकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग बघायच्या. बाळाचं रक्त कमी पडायला लागलं की ते पातळ होतं आणि जोरात धावतं. वेग नीट आहे म्हणजे बाळ ठीक आहे. पहिल्या खेपेला वेग नीट होता. दुसऱ्या खेपेलाही. लंकाबाई श्रमिकनगरातच राहिल्या होत्या, उज्वलाला पोटभर जेवल्याशिवाय ताटावरून उठू देत नव्हत्या, आणि रोज एकदा तरी म्हणायच्या, ‘‘माझ्यावं गेलं असंल पोर, माझ्यावं. निगेटिव्ह असंल.’’ ज्या रक्ताने त्यांचं घर रिकामं केलं होतं, ते आता त्या नवसासारखं मागत होत्या.

आठवा महिना लागताना पडद्यावर वेग वाढलेला दिसला. मॅडमनी तेच पुन्हा पुन्हा मोजलं. त्यांनी मान हलवली तेव्हा उज्वलाला सांगायची गरज उरली नव्हती. बाळ बापावर गेलं होतं, पॉझिटिव्ह होतं, आणि उज्वलाचंच रक्त तिच्या पोटात बसून त्याला खात होतं.

‘‘मॅडम, माझं सगळं रक्त काढून टाका,’’ ती टेबलावर आडवी असतानाच म्हणाली. ‘‘दुसरं भरा. करता येत असेल ना काही तरी?’’ मॅडमनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तसं काही करता येत नव्हतं. बाळाला तिच्यापासून लवकर सोडवायचं, एवढंच करता येत होतं. स्वतःच्या लेकराला आपल्यापासूनच वाचवायची वेळ यावी, याहून वाईट बाईच्या वाट्याला काय येणार!

बाळाची फुप्फुसं पिकायची इंजेक्शनं दिली आणि सिझरिंग करून बाळ काढलं. मुलगी. जेमतेम हातभर, रंग फिका, रडणं शेळीच्या पिल्लाइतकं. नाळेतलं रक्त तपासायला गेलं, ओ पॉझिटिव्ह आलं. काही तासांतच ती पिवळी पडायला लागली. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, तिचं रक्त बदलावं लागेल, ओ निगेटिव्ह हवं, लगेच हवं. संतोष आणि छाया रक्तपेढ्यांना फोन करत सुटले.

लंकाबाईंनी चोळीची बाही वर सारली आणि सिस्टरच्या टेबलावर हात ठेवला. ‘‘माझं घ्या. माझं तेच हाय. लागंल तेवढं घ्या.’’

सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी लंकाबाईंना बाकावर बसवलं आणि सांगितलं की त्यांचं रक्त नाही चालणार. तीन बाळांच्या वेळी त्यांच्याही रक्तात बाळाचं रक्त फोडणारं तेच तयार झालेलं असणार. तेच या बाळाला मारतंय.

लंकाबाईंनी बाही खाली केली नाही. हात तसाच पुढे धरून त्या तिथे बसून राहिल्या. संतोषने येऊन तो हात खाली ठेवला.

रक्त मिळालं ते ओझरच्या एका अनोळखी माणसाचं. नाळेतल्या नळीतून थोडं काढायचं, थोडं भरायचं, असं करत करत मुलीचं रक्त बदललं. कावीळ उतरली आणि परत चढली. दुसऱ्यांदा बदललं. उज्वला टाके सांभाळत भिंतीला धरून काचेपाशी यायची. आत निळ्या उजेडात डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं शरीर, छाती भराभर हलतेय. ती काचेला हात लावायची नाही. आपला हात लागला तर काही होईल, असं तिला वाटायचं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लंकाबाई पिशवी घेऊन आल्या. वॉर्डातल्या उज्वलाच्या खाटेजवळच्या लोखंडी कपाटावर त्यांनी फडकं अंथरलं, सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मग कोरा कागद, आणि कागदावर नवा पेन. ‘‘चालतो का बघून आनलाय,’’ त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरची बाई मान वळवून बघत होती.

तेवढ्यात डॉक्टर आले. कावीळ आज पहिल्यांदा थोडी खाली आली होती. धोका टळला असं मात्र त्यांना म्हणायचं नव्हतं. परत चढू शकते. कावीळ कानांवर जाते, तिला ऐकू येईल का ते आत्ताच सांगता येत नाही. तेजस्विनी मॅडमही मागे उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘उज्वला, यापुढे दर खेपेला हे लवकर आणि जास्त होणार. यानंतर नको.’’ म्हणजे हीच काय ती शेवटची. उज्वलाने मान हलवली.

लंकाबाईंनी मॅडमचा पदर धरला. ‘‘बाई, ती सुई. एकच असती?’’

‘‘हो आजी. त्या वेळी एक.’’

‘‘एका सुईनं माझे तिघं...’’ इतकी वर्षं ज्या बाईने तीन लेकरांसाठी चारचौघांत डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ती वॉर्डाच्या फरशीवर बसून मोठ्याने रडायला लागली. देवीने लिहिलं म्हणून तिने सोसलं होतं. आता ते कुणीच लिहिलेलं नव्हतं. सिस्टर ओरडायला आली आणि न ओरडता परत गेली. उज्वला खाटेवरून उतरली, टाक्यांची कळ सोसत सासूजवळ बसली आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या.

बऱ्याच वेळाने उज्वलाने कपाटाकडे हात नेला. तिने तो पेन उचलला आणि कोऱ्या कागदावर लिहिलं. लंकाबाई दचकल्या.

‘‘अगं, देवीचा कागद तो! काय लिवलंस?’’

‘‘तिचा रक्तगट. ओ पॉझिटिव्ह. आणि खाली लिहिलंय, तपासलेला.’’

‘‘देवीला सांगाया?’’

‘‘जी कोणी लिहायला येईल तिला. तिनं तरी बघून लिहावं.’’

लंकाबाईंनी कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या. मग त्यांनी तो परत सुपारीखाली सारला, कडा सरळ केल्या आणि उज्वलाच्या तोंडाकडे बघत विचारलं, ‘‘जगंल ना गं आता? सांग ना. जगंल ना पोरगी?’’

‘हो’ उज्वलाच्या जिभेवर तयारच होतं. तेवढं ऐकायला म्हातारीचा जीव टांगणीला लागला होता, आणि म्हणून टाकलं असतं तर दोघींनाही ती रात्र काढता आली असती. उज्वलाने वॉर्डाच्या दारातून लांबवर दिसणाऱ्या, काचेपलीकडच्या त्या निळ्या उजेडाकडे बघितलं.

‘‘माहीत नाही, आई,’’ ती म्हणाली.